शिल्लक रजा

"औटी, तुमचा रांजण भरून कित्येक वर्षं झाली. आता वरून जे वाहून चाललंय ते तरी कुणाला पिऊ द्या," असं म्हणत गुजरने माझ्या डब्यातली वांग्याची भाजी स्वतःच्या झाकणात ओढून घेतली.

जानेवारीतली दुपार होती. नगरच्या एका सरकारी कचेरीत मी लेखा शाखेला होतो आणि गुजर आस्थापनेला. म्हणजे सगळ्यांच्या रजा, बढत्या, बदल्या आणि भानगडी त्याच्या टेबलावरून पुढे जायच्या. जेवायला आम्ही दोघं एकत्र बसायचो. भाजी माझी चांगली असायची आणि बातम्या त्याच्या.

"कसला रांजण?"

"रजेचा हो. तुमच्या खात्यावर तीनशे दिवस साठलेत. त्याच्या वर सरकार एक दिवस धरत नाही. दर सहा महिन्यांनी पंधरा जमा होतात, तुम्ही ते घेत नाही आणि ते जातात."

"जातात म्हणजे कुठं?"

"गंगार्पण!" गुजरने हात वर करून फुंकर मारल्यासारखं केलं.

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. ऑफिसात माझी ख्याती 'रजा न घेणारा औटी' अशी होती आणि मला तिचा अभिमान होता. ताप असला तरी मी कामावर जायचो. सख्ख्या भाचीच्या लग्नात अक्षता टाकून दुपारी परत येऊन सही केली होती. यामागे देशसेवा वगैरे काही नव्हती. साठवलेल्या रजेचा पगार निवृत्तीच्या वेळी एकरकमी हातात पडतो. त्या पैशांत थोडी फंडाची भर घालून घरावर वरचा मजला चढवायचा, मुलगा हर्षल सून घेऊन तिथं राहील, मंदा गच्चीवर पापड वाळत घालेल, असं माझं सगळं ठरलेलं होतं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं दिवस बाजूला टाकत आलो होतो.

"पण आता रजा घेतली तर तीनशेतली कमी होणार ना?" मी विचारलं.

"इथंच तुमचं चुकतंय! आधी हे चालू सहामाहीचे पंधरा संपतात, मग तीनशेला हात लागतो. घेतले तर तुमचे, नाही घेतले तर कुणाच्याच बापाचे नाहीत. अहो, तुम्ही लेखा शाखेतले ना? जगाची बिलं तपासता!"

आजवर किती दिवस असे हवेत उडाले याचा मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. डब्यातली उरलेली भाजीही गुजरकडे सरकवली.

त्याच दिवशी चार वाजता गावाहून भागाजीचा फोन आला. भागाजी माझा धाकटा चुलतभाऊ. पारनेरच्या पठारावर आमचं पिंपळदरा गाव आहे, तिथं तो शेती करतो. दर वर्षी या सुमाराला त्याचा फोन यायचा आणि दर वर्षी मी एकच उत्तर द्यायचो.

"दादा, यंदा सप्त्याला येतूस का? का न्हाईच?"

"अरे, रजा..."

"थांब, आधी ऐकून घे. यंदा कमिटीनं ठरवलंय, आमटी आपण करायची न्हाई. नगरचा केटरर आणायचा. आमटी करणारं कुणी राहिलं न्हाई म्हणत्यात. म्हातारी माणसं गेली, पोरांना धूर सोसत न्हाई. मी म्हणलं, दादाला इचारतो. तू येत असशील तर केटररला नको म्हणून सांगतो. उद्यापस्तोर सांग, न्हायतर तो दुसरीकडं जाईल."

आता या आमटीबद्दल सांगायला हवं. माघात आमच्या गावी अखंड हरिनामाचा सप्ताह असतो. सात दिवस कीर्तनं, पारायण आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की गावजेवण. भाकरी घरोघरच्या बायका करून दुरड्यांमधून आणतात, आमटी मात्र सगळ्या गावाची एक. देवळामागं लांब चर खणून त्यात लाकडं पेटवायची, वर कढई ठेवायची. कढई केवढी, तर ती घासायला माणसाला आत उतरावं लागतं. तूरडाळ, भाजलेला कांदा-खोबरं, लसूण, धणे, लवंगा, दगडफूल, चिंच, गूळ. आणि एक अट. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमटी चाखायची नाही. बोटाला लागली तरी चाटायची नाही. पाच-सहा गावांची पंगत जेवायला बसणार आणि करणाऱ्याला चव ठाऊक नाही! वासावरून ओळखायचं, बुडबुडा कसा फुटतो ते बघायचं, वरच्या तवंगाचा रंग बघायचा. माझे वडील त्यात पटाईत होते. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. मी नोकरीला लागल्यावरही लग्नाआधी काही वर्षं गेलो. मग घराचं कर्ज आलं, वरच्या मजल्याचं डोक्यात आलं आणि जाणं सुटलं ते सुटलंच.

खरं सांगायचं तर त्या चराशेजारी मी जितका सुखात असायचो तितका दुसरीकडे कुठंच नसायचो. पण ही गोष्ट मोठ्या माणसाने कुणाला सांगायची असते का? सरकारी नोकर, घरदार असलेला, मुलगा पुण्याला इंजिनिअर, आणि याला कशाची हौस, तर आमटी ढवळायची. म्हणून मी ती कुणालाच सांगितली नव्हती. मंदालाही नाही.

संध्याकाळी घरी गेलो. मंदा मटार सोलत बसली होती. मी तिला गुजरने सांगितलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "म्हणजे पंधरा दिवस फुकटचे आहेत."

सप्ताहाचं पुढच्या वाक्यात काढणार होतो. पण तिने शेंग खाली ठेवली आणि तिचा चेहरा असा खुलला की माझं वाक्य तोंडातच राहिलं.

"मग मजल्याचं काम आत्ताच काढू या की! निवृत्तीची वाट कशाला बघायची? फंडातून पैसे उचला. नाथा मिस्त्रीला बोलावून घेते. गवंड्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी घरात लागतंच, तुम्ही पंधरा दिवस घरी."

"आत्ता?"

"मग कधी? दिवस बुडणार आहेत म्हणालात ना?"

मी मटार सोलायला लागलो. वरचा मजला माझ्याच डोक्यातून निघालेला होता, त्याला मी नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? रात्री अंथरुणावर पडलो आणि छताकडे बघत बसलो. त्या छतावर लवकरच विटा, वाळू, खडी चढणार होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भागाजीचा फोन वाजला तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "केटररला नको म्हणून सांग."

भागाजी म्हणाला, "दादा, खरंच ना? मागून फिरायचं न्हाई हां." आणि त्याने फोन ठेवूनही दिला, बहुतेक माझं मन बदलेल या भीतीने.

गुजरने माझा अर्ज हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्या शाखेला चहा पाजला. "औटीने रजा टाकली" ही बातमी शिपायापासून साहेबांपर्यंत पोचली. साहेबांनी आत बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी मात्र ठीक नव्हतं. मी मंदाला म्हणालो, "आठ दिवस गावी सप्ताहाला जातो. उरलेल्या दिवसांत मिस्त्रीचं बघू."

"सप्ताहाला? तुम्ही? आणि तिथं काय करणार?"

"आमटी."

"नाथा मिस्त्री शनिवारी येणार आहे. त्याला बयाणा द्यायचाय, माप दाखवायचंय."

"शनिवारी काला आहे. त्या दिवशी मला येता यायचं नाही."

"जा मग," ती म्हणाली. तिचं हे "जा मग" मी लग्नापासून ओळखतो. त्यात जाण्याची परवानगी सोडून बाकी सगळं असतं. निघायच्या सकाळपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. डबा मात्र दिला, शेंगदाण्याची चटणी घालून.

गावाला पोचलो आणि पहिले दोन दिवस मला स्वतःचीच लाज वाटत होती. हात मऊ पडले होते, धुराने डोळे चुरचुरायचे, चर खणणारी पोरं मला 'साहेब' म्हणायची. सप्ताहाच्या दिवसांत पारायणाला बसलेल्या लोकांचं रोजचं जेवण असतं, ते करता करता हात बसत गेला. तिसऱ्या दिवशी मसाला भाजताना खोबऱ्याचा रंग बघून मी न विचारता कढईखालचं लाकूड ओढलं, तेव्हा भागाजी हसून म्हणाला, "आला! आमचा दादा आला." पोरांनी साहेब म्हणायचं सोडलं. मी सकाळी सदऱ्याच्या बाह्या वर करायचो आणि संध्याकाळी कीर्तन सुरू झालं की देवळाच्या भिंतीला टेकून अंग सैल सोडायचो. मंदाची आठवण आली की मात्र ढवळणारा हात थांबायचा. शनिवारी तिकडे मिस्त्री येणार, ती एकटी माप दाखवणार, आणि मग पुढची दहा वर्षं मी ऐकत बसणार.

शनिवार उजाडला. काल्याची मोठी आमटी. पहाटेच चूल पेटवली होती. डाळ शिजली, मसाला पडला, गूळ पडला, चिंचेचा कोळ पडला. मी मीठ टाकलं. धुराचा एक लोट असा आला की डोळ्यांना धार लागली, म्हणून हौदावर जाऊन तोंड धुतलं. परत आलो तर मिठाची पाटी रिकामी.

"भागाजी, यातलं मीठ?"

"टाकलं की. तू दिसला न्हाईस, म्हणलं राहून जाईल."

"अरे, मी टाकलं होतं!"

"पुरं?"

"पुरं का अर्धं..." मी आठवायला गेलो आणि आठवेना. पाटीत थोडं ठेवलं होतं की बरंच? डोळे चुरचुरत असताना हात किती वेळा पाटीत गेला? वास बघितला, उत्तम. तवंग बघितला, लालभडक, जसा हवा तसा. पण मीठ ना वासाला कळतं ना रंगाला. दुरड्या भरभरून भाकरी यायला लागल्या होत्या. शेजारच्या गावांतल्या गाड्या लागत होत्या. कमिटीतले ज्यांना केटरर हवा होता ते दोघं-तिघं तिथंच उभे होते आणि फार प्रेमाने माझ्याकडे बघत होते.

"चाखून बघू या का थोडी?" भागाजी पुटपुटला.

"नैवेद्याआधी?" मी म्हणालो. आमच्या दोघांच्या वडिलांनी आयुष्यात जे केलं नाही ते करायला आमचा हात धजेना.

"कसला चेहरा करून उभे आहात?"

मागे वळून बघितलं तर मंदा! निळी साडी, खांद्याला पर्स, कपाळावर घाम, चपला धुळीने माखलेल्या. फाट्यावर वडापच्या जीपमधून उतरून चालत आली होती. मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर मला हाताला धरून नेणार. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "मंदा, मीठ दोनदा पडलंय बहुतेक."

तिने कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग चाखा की."

"नैवेद्य झाल्याशिवाय चाखत नाहीत."

"मग दाखवा नैवेद्य."

"तो काल्याच्या कीर्तनानंतर असतो."

"आणि तोपर्यंत ही अशीच उकळत ठेवणार?"

तिने पर्स माझ्या गळ्यात अडकवली. एका वाटीत आमटी घेतली, दुरडीतून भाकरी उचलली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि तरातरा देवळाकडे निघाली. मी गळ्यात बायकी पर्स अडकवून तिच्या मागोमाग.

गाभाऱ्याशी गुरवकाका बसले होते. "गुरवकाका, एवढा नैवेद्य दाखवा," मंदा म्हणाली.

"बाई, काला व्हायचाय अजून."

"मोठा नैवेद्य तेव्हा दाखवा की. हा आत्ताचा. एवढी माणसं जेवणार आहेत. ती पानावरून उठून गेल्यावर देवाला बोलावून उपयोग काय? देवाच्या गावचं जेवण आहे, त्यानं आधी खाऊन सांगू दे."

गुरवकाकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यातली पर्स बघून त्यांना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी वाटी घेतली, पाणी फिरवलं, डोळे मिटले, घंटा वाजवली. "घ्या बाई. आजवर कुणी मागितला न्हाई असा नैवेद्य."

देवळाच्या पायरीवर उभं राहून मंदाने आमटीत भाकरी बुडवून घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमचं लग्न ठरलं त्या दिवशीही मी तिच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"खारट," ती म्हणाली. "पण आटोक्यातलं आहे. डाळ आहे का शिजवलेली आणखी?"

डाळ होती. दुसऱ्या पंगतीसाठी वेगळी काढून ठेवलेली. मंदाने पदर खोचला. एका बाईला कांदे चिरायला बसवलं, दोघींना खोबरं भाजायला. भागाजीला तिने विहिरीवर पाण्याला पिटाळलं आणि वर बजावलं, "येताना मिठाकडे बघूसुद्धा नका." मी डाळ ओतत होतो, ती गूळ फोडून टाकत होती. आता नैवेद्य झालेला असल्याने ती दर थोड्या वेळाने चाखायची आणि मलाही द्यायची. "बघा, अजून चिंच?" "थोडी." "बघा आता." वडिलांपासून आजवर या कढईची चव पंगत बसेपर्यंत कुणी घेतली नव्हती. आमटी जुळून येताना कशी कशी लागते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काल्याचं कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत कमिटीवाले बसले होते. त्यांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली आणि मान खाली घातली ती दुसऱ्यांदा आमटी मागायलाच वर केली. मी तेव्हा कुठं हातातला डाव खाली ठेवला. मंदा बादली घेऊन वाढत होती. ज्यांच्यासाठी मी अजून नुसता रंगाच होतो त्या म्हाताऱ्या बायका तिला थांबवून विचारत होत्या, "रंगाची मालकीण का तू? इतकी वर्षं कुठं व्हतीस गं?"

शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही दोघं चराच्या कडेला जेवायला बसलो. अर्धी भाकरी झाल्यावर मी धीर करून विचारलं, "नाथा मिस्त्री?"

"त्याला नको म्हणून सांगितलं. गुरुवारीच."

"गुरुवारी? मग तू मला न्यायला..."

"न्यायला कोण आलंय?" ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "परवा सकाळी घर झाडत होते. एकदम आठवलं, तुम्ही बॅग भरताना शिट्टी वाजवत होतात."

"मी?"

"तुम्ही. मी रागात होते, तरी ऐकलं. लग्नानंतर एक-दोन वर्षं वाजवायचात, मग कधी ऐकली नाही. म्हटलं, असं आहे तरी काय तिथं, ते एकदा बघून यावं."

"पण वरचा मजला तुला हवाय ना?"

"मला? कशाला? वर-खाली फरशी पुसायला?" ती माझ्याकडे वळली. "हर्षलने मला वर्षापूर्वीच सांगितलंय, तो नगरला परत येणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. तुम्ही जेवताना मजला, झोपताना मजला. म्हटलं, यांचं स्वप्न आहे, मी कशाला मोडू?"

"मग त्या दिवशी तूच तर म्हणालीस, आत्ताच काम काढू या म्हणून!"

"तुम्ही पंधरा दिवस फुकटचे आहेत म्हणालात ना?" तिने नजर खाली घेतली. "माझ्यासाठी तुम्ही रजा टाकली नसतीत. गवंड्यासाठी टाकली असतीत. त्याच्यावर लक्ष ठेवायला म्हणून तरी घरात दिसला असतात. तुम्ही सगळे दिवस पुढच्यासाठी साठवून ठेवता, हो. मला त्यातला एक तरी दिलात का?"

ती हे भांडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण ती अगदी साधेपणाने, मीठ मागावं तशी म्हणाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ज्याच्यासाठी एवढी वर्षं दिवस मोजून ठेवले तो मजला तिला नको होता, मुलाला नको होता आणि नीट विचार केला तर मलाही नको होता. कुणालाच नको असलेलं ते बांधकाम मी डोक्यावर घेऊन फिरत होतो. ते तिथं, त्या राखेच्या कडेला, खाली उतरलं. आपण फसलो असं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं ते एवढंच, की सुटलो! वाईट वाटलं ते फक्त मंदासाठी.

"रडता काय? आमटी तिखट नाही झालेली," ती म्हणाली आणि माझ्या भाकरीवर आणखी एक डाव ओतला.

त्यानंतरच्या वर्षांत मी सहामाहीचे दिवस कधी बुडू दिले नाहीत. हळूहळू तीनशेलाही हात घातला. फंडातून उचललेल्या थोड्या पैशांत गावाने आणि मी मिळून चरावर पत्र्याची शेड घातली. मी निवृत्त झालो तेव्हा माझी उरलेली रजा बघून गुजर घरचं कुणी गेल्यासारखा हळहळला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही एसटीने नगरला परत निघालो. मंदा खिडकीशी बसली होती, तिच्या केसांना धुराचा वास येत होता. भागाजीने दिलेला आमटीचा डबा मी मांडीवर धरला होता. पठार मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "रजा अजून उरलीय ना?"

"आहे की, आठवडाभर. पण म्हटलं, आता मिस्त्रीचं काम नाही तर सोमवारी हजर व्हावं. उगाच दिवस..." मी जीभ चावली.

तिने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली.

"बरं, नाही होत हजर," मी म्हणालो. "ते दिवस तुझे. काय करायचं त्यांचं? तुझ्या बहिणीकडे जाऊ या? का कोल्हापूरला?"

"कुठं नको."

"मग?"

"सकाळचा चहा झाला की तुम्ही लगेच उठून घड्याळ बांधता ना," मंदा म्हणाली, "तसं उठायचं नाही. बसायचं. बाकी मला काही नको."